नोकरी-पाणी : काम मशीनकडं चाललं, आपण कुणीकडं जायचं?

यावेळी आलेली पत्रं आणि व्हॉट्सॅपवरचे मेसेज वाचताना एकच गोष्ट सारखी समोर येत होती, कुणाचं काम दुसऱ्या देशात चाललंय, कुणाचं सॉफ्टवेअर करायला लागलंय, कुणाच्या कारखान्यात नवीन मशीन येतंय, आणि सगळ्यांचा प्रश्न शेवटी तोच, लाइन बदलू का आणि बदलायची तर कुठली पकडू. सोलापूरला हे नवीन नाही. 1877 साली जुनी मिल सुरू झाली, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, आणि या मिलचे भोंगे बंद होताना बघितलेली माणसं अजून आपल्या घरात आहेत. आउटसोर्सिंग हा शब्द आपल्या कानावर यायच्या कितीतरी आधी मिलवाले स्वतःच्या मागावर कापड काढायच्याऐवजी भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवरनं विणून घ्यायचे आणि वर आपला शिक्का मारायचे, 18 जानेवारी 1982 ला मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा तर ते काम आणखीच तिकडं सरकलं आणि परत आलं नाही. त्यामुळं 'होईल सगळं नीट' एवढंच सांगून मी कुणाला पाठवणार नाही. चार पत्रं घेतलीयेत, नावं काढली आहेत. पहिल्या दोघांची उत्तरं लांबलीत कारण तसंच विचारणारे खूप जण आहेत.

प्रश्न : ताई, माझं वय 34, बी.एस्सी. झालंय. पुण्याच्या एका कंपनीत अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं मेडिकल बिलिंगचं काम करते, आठ वर्षं झाली, लॉकडाऊनपासून घरूनच, रात्रपाळी. क्लेम कुठं अडकलाय ते बघायचं, तिकडच्या इन्शुरन्स कंपनीला फोन लावायचा, नाकारला असेल तर कारण शोधून दुरुस्त करून परत पाठवायचा. मागच्या वर्षी स्टेटस बघायचं काम बॉटला दिलं. आता कॉलिंग फिलिपिन्सला चाललंय आणि आम्हालाच त्या टीमला केटी द्यायला, म्हणजे आपलं काम शिकवायला, सांगितलंय. एचआर म्हणतात टेन्शन घेऊ नका. एका क्लासवाल्याचा रोज फोन येतो, दोन लाखात डेटा सायन्स करा, ईएमआय करून देतो म्हणून. मिस्टरांचं छोटं दुकान आहे, मुलगा तिसरीत, पुण्याला शिफ्ट होणं जमणार नाही. करू का कोर्स?
एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी सरळ सांगते, त्या कोर्सला आत्ता पैसे भरू नका. डेटा सायन्स वाईट आहे असं नाही, पण तुम्ही तिथं गेलात की तुमची आठ वर्षं शून्य होतात, तुम्ही फ्रेशर होता, आणि तुमच्या रांगेत तेवीस वर्षांची इंजिनिअर पोरं उभी असतात ज्यांना बेंगळुरूला जायला काहीच अडचण नाही. तुमच्या डोक्यावर ईएमआय असेल आणि तुम्हाला सोलापूर सोडता येणार नाही. आधी कोर्स आणि मग नोकरी शोधायची, हा क्रम मला पटत नाही. आपल्याला जे येतं त्याला पैसे कोण देईल ते आधी शोधायचं, त्या माणसाला आपल्यात काय कमी वाटतंय ते विचारायचं, आणि तेवढंच शिकायचं. क्लासवाल्याला हे परवडत नाही म्हणून तो तुम्हाला हे सांगणार नाही.

आता तुमच्या कामाकडं बघू. तुम्ही 'मेडिकल बिलिंग करते' असं एका वाक्यात लिहिलंय पण त्यात चार वेगवेगळी कामं आहेत. पोर्टलवर लॉगिन करून क्लेम पेंडिंग आहे की पेड, हे बघणं एक काम, ते बॉटने घेतलं आणि ते परत यायचं नाही. फोनवर बोलणं दुसरं, ते स्वस्त आणि इंग्रजीचा उच्चार तिकडच्यांना जवळचा वाटतो अशा ठिकाणी चाललंय. तिसरं काम म्हणजे क्लेम का नाकारला ते ओळखणं. समजा गुडघ्याच्या एमआरआयचा क्लेम परत आलाय, कारणात लिहिलंय की प्रोसिजर आजाराशी जुळत नाही. नवखा माणूस तोच क्लेम परत पाठवतो आणि तो परत नाकारला जातो. तुम्ही मात्र डॉक्टरची नोट उघडता, त्यात उजवा गुडघा लिहिलेला असतो आणि कोड डाव्याचा पडलेला असतो, किंवा आधी परवानगी घ्यायची होती ती घेतलेली असते पण तिचा नंबर फॉर्मवर चढलेलाच नसतो. हे जे तुम्हाला दिसतं ते आठ वर्षांनी आलंय. आणि चौथं काम, कुठल्या इन्शुरन्स कंपनीची खोड काय आहे हे माहीत असणं. ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं.

तिसऱ्या कामातसुद्धा सॉफ्टवेअर घुसतंय हे मी लपवणार नाही. अपीलच्या पत्राचा कच्चा मसुदा आता एआय लिहून देतं. पण तो बरोबर आहे का, पाठवायचा का, हे सांगणारा माणूस लागतो आणि तुमच्यासाठी जागा आहे ती तिथंच. म्हणून पहिलं काम कंपनीतच करा. टीम लीडला ईमेल करा, तोंडी नको, की बॉटला न जमलेले क्लेम कोण बघणार आहे आणि त्या टीममध्ये मला यायचंय. क्वालिटी, ऑडिट, कोडिंग (आजार आणि उपचारांना ठराविक कोड देणं) यातलं काही रिकामं आहे का तेही विचारा. कोडिंगसाठी सीपीसी नावाची परीक्षा आहे, अमेरिकेतली एएपीसी संस्था घेते, चार तासांची, शंभर प्रश्नांची. अमेरिकेने 1 ऑक्टोबर 2015 पासून आयसीडी-10 हे आजारांचे कोड सक्तीचे केले, ते तुम्ही रोज वापरताच, त्यामुळं तुम्हाला अभ्यास अर्धा झालेलाच आहे. बी.एस्सी. आहे, शरीररचना वाचून समजेल. दोन लाखांच्या मानानं खर्च खूपच कमी आणि तुमचा अनुभव त्यात धरला जातो. कोडिंगमध्येही सॉफ्टवेअर आलंय, त्यामुळं नुसतं कोड टाकणारी म्हणून जाऊ नका, टाकलेले कोड तपासणारी म्हणून जायचं हे डोक्यात ठेवा.

एक जुनी गोष्ट इथं सांगावीशी वाटते. 2000 च्या आसपास गावोगावी मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचे क्लास निघाले होते, अमेरिकेतल्या डॉक्टरने बोलून रेकॉर्ड केलेलं कानाला हेडफोन लावून टाइप करायचं, तिकडं रात्र तेव्हा इकडं दिवस म्हणून काम आपल्याकडं आलं. मग आवाज ऐकून आपोआप टाइप करणारं सॉफ्टवेअर सुधारत गेलं. जे फक्त वेगात टाइप करायचे त्यांचं काम गेलं, ज्यांना औषधांची नावं, आजार, ऑपरेशनं कळायला लागली होती ते एडिटिंगला गेले आणि तिथनं कोडिंगला. टायपिंग स्पीड वाढवत बसलेल्यांना त्या स्पीडचा काहीच उपयोग झाला नाही, हे मला फार लागतं, कारण मेहनत त्यांनीही तेवढीच केली होती.

दुसरा रस्ता सोलापुरातच आहे. आपल्याकडं धाराशिव, लातूर, विजापूर, गुलबर्ग्याकडनं पेशंट येतात, आणि मेडिक्लेमवाले वाढलेत. प्रत्येक बऱ्या हॉस्पिटलला कॅशलेसचं टेबल चालवावं लागतं. इन्शुरन्स कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या इर्डाने मे 2024 मध्ये नियम केला की कॅशलेसच्या अर्जावर इन्शुरन्स कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळची मंजुरी तीन तासात. कागद पहिल्या फेरीत बरोबर गेले तरच हे होतं, नाहीतर क्वेरी येते आणि पेशंटचे नातेवाईक बिलिंग काउंटरवर ताटकळतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आहेतच, पाच लाखांपर्यंतचे उपचार, त्याचे क्लेम वेगळ्या पद्धतीने भरावे लागतात. क्लेम का परत येतो हे कळणारं माणूस हॉस्पिटलला हवंय. पगार तुमच्या आत्ताच्या पगारापेक्षा कमी मिळेल, सुरुवातीला बराच कमी, ते मनाची तयारी करूनच विचारा. पण रात्रपाळी जाईल. एका हॉस्पिटलात पूर्णवेळ न जाता दोन-तीन छोट्या हॉस्पिटलांचे नाकारलेले क्लेम महिन्याच्या ठराविक पैशांवर घ्यायचे, असंही करता येतं. आधी एका हॉस्पिटलच्या मॅनेजरला भेटा आणि विचारा, गेल्या वर्षीचे किती क्लेम अडकलेत. तो आकडा ऐकलात की बोलायचं काय ते तुम्हाला सुचेलच.

केटीला नाही म्हणू नका. नाही म्हणून काम थांबत नाही, फक्त तुमचं अनुभवपत्र बिघडतं. उलट केटी देताना तुम्ही स्वतः काय काय करता ते लिहून निघतं, कंपनीचा डेटा किंवा पेशंटची माहिती अजिबात बाहेर काढायची नाही, पण 'मी हे हे करत होते' ही यादी तुमची आहे, त्यावरच बायोडाटा लिहा. आणि पगार चालू आहे तोवर हे सगळं करा, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत सोनं, गाडी, मोबाइल काही नवीन नको.

प्रश्न : नमस्कार. वय 47, शिक्षण नववी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात 22 वर्षं माग चालवतोय, पीस रेटवर. मालक साधे माग भंगारात घालून रेपियरचे नवीन माग आणतोय. म्हणतोय एक माणूस सहा-आठ मशीन बघेल, तरणी पोरं पायजेत. पन्नास हजार घे आणि या कागदावर सही कर म्हणतोय. पीएफ मध्ये मध्ये कापला, मध्ये मध्ये नाही. आम्ही पंधरा-सोळा जण आहोत. बायको बिड्या वळती. रिक्षा घ्यावी का ओ?
एक कामगार, दत्तनगर

उत्तर : दादा, रिक्षाचं नंतर बोलू, आधी त्या कागदावर सही करू नका. बहुतेक तो राजीनामा असतो. आपणहून काम सोडलं असं एकदा लिहून दिलं की मालकाने कमी केल्याची भरपाई मागता येत नाही, आणि मालकाचा सगळा फायदा त्या एका सहीत आहे.

हिशोब नीट समजून घ्या. ज्या कारखान्यात दहा किंवा जास्त लोकं आहेत तिथं ग्रॅच्युइटी लागू होते, पाच वर्षं सलग काम झालेलं असलं पाहिजे, तुमची तर 22 आहेत. पीस रेटवाल्याला मिळत नाही असं कारखान्यात सर्रास सांगतात, ते खोटं आहे. शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी काढतात, त्यावरनं दिवसाची मजुरी ठरते, आणि वर्षाला अशा 15 दिवसांचे पैसे. तुमची दिवसाची सरासरी 500 रुपये धरली तर एका वर्षाचे 7,500 आणि 22 वर्षांचे 1 लाख 65 हजार. हे झालं ग्रॅच्युइटीचं. मशीन आणलं म्हणून मालक तुम्हाला कमी करत असेल तर त्याला कपात म्हणतात, त्यात एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार आणि वर्षाला 15 दिवसांची भरपाई वेगळी द्यावी लागते, म्हणजे आणखी तेवढेच 1 लाख 65 हजार. दोन्ही मिळून 3 लाख 30 हजार झाले, आणि तुम्हाला 50 हजार दाखवतायत. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुने कामगार कायदे जाऊन चार नवीन संहिता लागू झाल्यात तरी वर्षाला 15 दिवस हा हिशोब तसाच आहे.

अडचण पुराव्याची येणार. मालक म्हणेल हा माणूस माझ्याकडं दोनच वर्षं आहे. म्हणून आजच घरात शोधा, जुनी पीएफची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड, दिवाळी बोनसची पावती, हजेरी कार्ड, माल उतरवल्याच्या चिठ्ठ्या, बँकेत मजुरी जमा झाली असेल तर पासबुक. मोबाइलवर फोटो काढून पोराच्या मोबाइलवर पण पाठवून ठेवा. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, असेल तर पीएफचं पासबुक काढा, दहा वर्षं भरलेली निघाली तर 58 व्या वर्षी पेन्शन बसतं, त्यामुळं पीएफ सगळा काढून मोकळं व्हायची घाई नको. मग पंधरा-सोळा जण मिळून सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जा. एकट्याने जाऊ नका. पूर्व भागात लाल बावट्याच्या युनियनवाल्यांना हे कागद तोंडपाठ आहेत, त्यांच्यापैकी कुणाला तरी सोबत घ्या. मालकाशी भांडायलाच गेलं पाहिजे असं नाही, हा हिशोब कागदावर लिहून त्याच्या टेबलवर ठेवला तरी पन्नास हजाराचे दीड-दोन लाख होतात, पण तडजोड करायची ती आपला पूर्ण आकडा माहीत असताना करायची.

आता कामाचं. रेपियर आलं म्हणून विणकराचं ज्ञान वाया गेलं असं मला वाटत नाही. टॉवेलला दोन बीम लागतात, एक जमिनीचा आणि एक लूपचा, दोन आडवे धागे जरा मागं ठेवून तिसऱ्याला फणीचा पूर्ण ठोका बसतो तेव्हा लूप उभा राहतो, आणि लूपच्या बीमचा ताण जरा बिघडला की टॉवेल एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ येतो. हे साध्या मागावर होतं तसंच रेपियरवर पण होतं. नवीन मशीनवर ताण्याचा धागा तुटला की ड्रॉप पिन पडते, मशीन आपोआप थांबतं, लाइट लागते. गाठ मात्र माणसालाच मारावी लागते. आणि धागा सारखा त्याच जागी का तुटतोय, सूत कच्चं आहे, सायझिंग (सुताला लावलेली खळ) कमी पडलंय की फणी घासलीय, हे मशीन सांगत नाही. तरण्या पोराला स्क्रीनवरची बटणं दोन दिवसात येतील पण हे यायला त्याला वर्षं लागतील.

म्हणून मालकाला सांगा, मशीन बसवायला कंपनीचा फिटर येईल तेव्हा मला त्याच्या हाताखाली ठेवा, पाना-पक्कड द्यायला का होईना. त्या दिवसांत जेवढं शिकता येतं तेवढं नंतर कुणी शिकवत नाही. आणि जॉबर म्हणून, म्हणजे मशीन लावून नीट ठेवणारा म्हणून, नाहीतर चेकिंगला, लायक आहे असं वाटलं तर ठेव म्हणावं. तुमच्या मालकाने ऐकलं नाही तर चिंचोळी आणि होटगी रोडला दुसरे आहेत, जुने माग आणि नवीन मशीन दोन्ही ठेवणारे, तिथं 22 वर्षांच्या विणकराला जॉबर म्हणून विचारून बघा. आपल्या भागात हातमागावरनं यंत्रमागावर आलेली पिढी होऊन गेली, त्यांनाही लोकं म्हणत होती की आता या वयात काय शिकणार.

रिक्षा मात्र कर्ज काढून नको. स्टँडला आणि स्टेशनला उभ्या असलेल्या रिक्षा मोजा आणि त्यातल्या चार जणांना दिवसाचा हप्ता जाऊन हातात किती राहतात ते विचारा, मग ठरवा. मिळालेली ग्रॅच्युइटी रिक्षाच्या डाउन पेमेंटला घातली आणि धंदा बसला तर दोन्ही गेलं.

वहिनींचं पण लिहिते, कारण तुम्ही एका ओळीत उरकलंय. हजार बिड्या वळून कारखान्यात न्यायच्या आणि त्यातली छाट, म्हणजे खराब ठरवलेल्या बिड्या, काढून टाकली की मजुरी कापायची, हे त्यांनी किती वर्षं केलं असेल. त्यांचाही पीएफ आहे का, नाव आधारप्रमाणेच लागलंय का, बघून घ्या, नावातल्या एका अक्षरामुळं पैसे अडकून बसलेल्या बायका मी बघितल्यात. त्यांना शिलाई येत असेल तर सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारखाने आहेत. घरी मशीन टाकायची असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे, प्रशिक्षणाचे दिवसाला 500 रुपये, साहित्यासाठी 15 हजार, आणि 5 टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाख. एका कुटुंबातल्या एकालाच मिळतं, तर अर्ज वहिनींच्या नावाने करा.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. टॅली आणि जीएसटीचा क्लास लावलाय. मित्र म्हणतात अकाउंट्स आता एआय करणार, वेळ वाया घालवू नको. खरं आहे का?
एक विद्यार्थी, साखर पेठ

उत्तर : अर्धं खरं आहे. बिल बघून एंट्री मारणं हे काम संपत चाललंय, 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे, म्हणजे बिल आधीच सरकारच्या पोर्टलवर असतं, आणि खरेदीची यादी जीएसटी पोर्टलवरच्या 2बी विवरणपत्रात आपोआप येते. क्लास पूर्ण कर पण तेवढ्यावर थांबू नको. चाटी गल्लीतल्या कापड दुकानदाराला एंट्रीची चिंता नसते, त्याला नोटीस आली की झोप लागत नाही. समोरच्याने रिटर्न भरलं नाही म्हणून त्याचं खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट अडकतं, माल परत आला त्याची क्रेडिट नोट कुणी टाकलेलीच नसते. हे सोडवणारा माणूस त्याला पाहिजे. क्लासपेक्षा एखाद्या टॅक्स कन्सल्टंटकडं संध्याकाळी दोन तास बसायला सुरुवात कर, पहिले काही महिने पैसे मिळाले नाहीत तरी चालेल, पण नोटीसला उत्तर कसं लिहितात ते बघ. एक्सेल पक्कं कर. आणि मित्रांना विचार की ते स्वतः काय करतायत.

प्रश्न : मी बँकेतून क्लार्क म्हणून रिटायर झालोय, 1985 ला लागलो होतो. मुलगा 29 वर्षांचा, हिंजवडीत एका कंपनीत बँकांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचा. ऑटोमेशनमुळे प्रोजेक्ट बंद झाला म्हणून एका मीटिंगमध्ये बसवून राजीनामा घेतला. तो सोलापूरला येऊन दोन महिने झालेत, खोलीतच असतो, रात्रभर जागा. आम्ही शेजारी वर्क फ्रॉम होम चालू आहे म्हणून सांगितलंय. लग्नाचंही बघत होतो, ते थांबलंय. मी त्याला म्हणतो आमच्या वेळी पण कॉम्प्युटर आले होते, आम्ही निभावलं, तर चिडतो. काय करावं?
एक वडील, विजापूर रोड

उत्तर : काका, तो चिडतो ते मला समजतं. तुम्ही लागलात तेव्हाच बँकांत कॉम्प्युटर आणायची चर्चा सुरू होती, रंगराजन समितीने 1984 मध्ये अहवाल दिला, युनियनचा विरोध झाला, 1993 मध्ये करार झाला आणि मग लेजरची जागा हळूहळू स्क्रीनने घेतली. 2000-01 मध्ये व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना, आली, लाखभर लोकांनी घेतली, पण घेणाऱ्याच्या हातात पैसे पडले आणि ज्यांनी घेतली नाही ते राहिले. तुम्ही निभावलंत ते खरंच आहे, त्यात तुमची मेहनत होती, आणि पाठीशी करार होता, युनियन होती, पेन्शन होतं. पोराला एका मीटिंगमध्ये अर्ध्या तासात बाहेर काढलं. त्याच्याकडं यातलं काहीच नव्हतं. 'आम्ही निभावलं' ऐकलं की त्याला वाटतं आपणच कमी पडलो. जुलै 2025 मध्ये टीसीएससारख्या कंपनीने बारा हजारांवर लोकं कमी करणार असं जाहीर केलं, त्यात वर्षानुवर्षं चांगलं काम केलेले होते. हे त्याला सांगा, आणि बँकेतल्या गोष्टी थोडे दिवस बंद ठेवा.

शेजाऱ्यांना खोटं सांगणं पण थांबवा, कारण ते खोटं त्यालाच चोवीस तास सांभाळावं लागतंय, दुपारी खाली दुधाला जायची पण चोरी. 'नोकरी गेली, दुसरी बघतोय' एवढं वाक्य तुम्ही स्वतः, त्याच्यासमोर, कुणाला तरी सांगा. लग्नाचं सध्या थांबवा, आणि स्थळ आलंच तर तिकडंही हेच सांगायचं.

झोप नसेल, जेवण तुटलं असेल, बोलणं बंद असेल तर हे नुसतं टेन्शन समजू नका. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही फोन करा आणि घरात कसं वागायचं ते विचारा, मग त्याला नंबर द्या. जीव नकोसा झालाय असं काही बोलला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडं न्यायचं.

कागदांचं बघा. रिलिव्हिंग लेटर, अनुभवपत्र, फॉर्म 16, नोटीस पिरियडचे पैसे आणि राहिलेल्या रजांचे पैसे मिळाले का. नवीन वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशोब पुरा करायचा असतो. राजीनामा दबाव टाकून घेतला असेल तर त्या दिवसाचे ईमेल, मीटिंगचं कॅलेंडर, व्हॉट्सॅप जपून ठेवायला सांगा, पुण्यात नाइट्स नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशा तक्रारी घेते, तिथं लिहायला सांगा.

आणि त्याच्या लाइनबद्दल. हाताने टेस्टिंग करणं, म्हणजे स्क्रीनवर एकेक बटण दाबून बघणं आणि एक्सेलमध्ये पास-फेल लिहिणं, हे कमी होत चाललंय, टेस्ट केसेस आता एआय पण लिहून देतं. पण त्याने बँकेचं सॉफ्टवेअर बघितलंय. कर्जाचा हप्ता 31 तारखेला असेल आणि महिना 30 चा असेल तर व्याज कसं लागतं, यूपीआयचे पैसे कापले गेले आणि पोहोचले नाहीत तर ते परत कसे येतात, असे प्रश्न त्याला पडतात आणि तेच नवीन पोराला पडत नाहीत. टेस्टिंगची स्क्रिप्ट लिहायला तो शिकलाच पाहिजे, त्यात सूट नाही, दोन-तीन महिने घरी बसून फुकटच्या व्हिडिओवर ते येतं. पण बायोडाटाच्या वर टेस्टर असं न लिहिता, कर्ज, पेमेंट, केवायसी यातलं काय काय बघितलंय ते लिहायचं. आयटी कंपन्यांपेक्षा फायनान्स कंपन्या, पेमेंट कंपन्या आणि बँकांच्या स्वतःच्या आयटी विभागात अर्ज करायचे. आपल्याकडं नागरी बँका आणि पतसंस्था एवढ्या आहेत, त्यांच्या सॉफ्टवेअरच्या तक्रारी तुमच्या जुन्या मित्रांना माहीत असतील. इथं तुमचा खरा उपयोग आहे काका. सल्ला देऊ नका, त्याला एखाद्या पतसंस्थेच्या मॅनेजरकडं घेऊन जा, ओळख करून द्या आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा.

त्याला म्हणावं मला लिही. कुठल्या मॉड्यूलवर काम केलं, कुठली टूल वापरली, पगार किती होता, सगळं डिटेल लिही. पुढच्या अंकाची वाट बघायला लावणार नाही, परत लगेच उत्तर पाठवते.